कोयती, दोर आणि फोटोओळ : एका बंदरावरच्या हाणामारीचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडावरच्या बंदरात, जानेवारीतल्या एका सकाळी, पारंपरिक मच्छीमारांनी एक पर्ससीन नौका, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांच्या सबंध थव्याला वेढा घालणारी नौका, समुद्रात अडवून जेटीला आणली. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत, पर्ससीनला 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानुसार सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे, आणि तीही परवाना असेल तर. जानेवारीत कुणी बांगड्याच्या थव्याला वेढा घालताना दिसला की गिलनेटवाल्यांचा, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं जाळं सोडणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचा, संयम सुटतो. वर्षभराच्या कर्जाचा हिशोब त्याच थव्यावर बांधलेला असतो.

मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी पोचेपर्यंत जेटीवर मोठा जमाव जमला होता. बाचाबाची, ढकलाढकली, मग दगड. कुणीतरी नौकेवरच्या जाळ्यावर डिझेल ओतलं. नायलॉनचं जाळं पेटलं की वितळून त्याचे पेटते थेंब गळतात, आणि थेंब पडेल तिथे नवी आग लागते. नौकेच्या कुशीला गावातल्याच दोन होड्या बांधलेल्या होत्या.

गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. खटला चालू आहे आणि सगळ्यांना त्याच बंदरात राहायचं आहे.

त्या सकाळी बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर एक तरुण फोटोग्राफर उभी होती. मुलगी याच तालुक्यातली. लग्नाचे फोटो काढून घर चालवते आणि गेली काही वर्षं किनाऱ्यावरच्या मासेमारीचं स्वतःच्या खर्चाने दस्तऐवजीकरण करते. जिल्ह्याच्या दैनिकांना अधूनमधून फोटो देते. मी छायाचित्रणाच्या कार्यशाळा घेतो, त्यातून तिची ओळख. प्रकरण पेटल्यावर तिने मला बोलावलं, आणि तिच्या फोटोंचा क्रम लावण्यापासून पुढच्या बऱ्याच गोष्टींत मी सोबत होतो. म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असं मानतो.

तिने गच्चीवरून दैनिकाला मोबाइलने एकच फोटो पाठवला. फोटोत पन्नाशीची एक बाई आहे. पदर कमरेला खोचलेला, उजवा हात डोक्याच्या वर, हातात कोयती. हाताच्या बरोबर रेषेत, तिच्या पलीकडे, एक खलाशी खाली वाकलेला, दोन्ही हात डोक्यावर, मानेशी लालभडक काहीतरी. मागे धूर. फोटो पाहिल्यावर कुणीही म्हणेल की पुढच्या क्षणी काय झालं असेल ते उघड आहे.

फोटोसोबत तिने त्याखाली छापायची ओळ पाठवली होती : पेटलेल्या नौकेला बांधलेली आपली होडी सोडवण्यासाठी दोर तोडताना एक मच्छीमार महिला, मागे धुराने गुदमरलेला खलाशी. डेस्कवर फोटो दोन्ही बाजूंनी कापला गेला. कापताना डावीकडचा ताणलेला दोर गेला. ओळही बदलली, 'कोयता उगारलेली संतप्त महिला' अशी झाली. संध्याकाळपर्यंत तो फोटो वर्तमानपत्राचं नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरू लागला, आणि रात्री त्याला दोन धर्मांची नावं चिकटली. अडवणाऱ्या होड्यांवर दोन्ही समाजांची माणसं होती, पर्ससीनच्या भागीदारीतही दोन्ही समाजांची होती, हे त्या बंदरात पोरासोरालाही ठाऊक आहे. पण फॉरवर्ड चिपळूणला, पनवेलला, मुंबईच्या चाळींत पोचला, आणि तिथे हे कुणाला ठाऊक असणार? चौथ्या दिवशी पोलिसांनी प्राणघातक हल्ल्याच्या संशयात फोटोतल्या त्या काकींना चौकशीला बोलावलं.

आता तो फोटो नीट पाहू.

फोटोग्राफर उभी होती तिथून जेटी साठ-सत्तर मीटरवर. काकी आपल्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, होत्या, खलाशी पर्ससीनच्या मागच्या टोकाला. दोघांमध्ये दहा मीटरपेक्षा जास्त अंतर आणि मध्ये पाणी. लांबून मोठ्या लेन्सने काढलेल्या फोटोत पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटल्यासारखं दिसतं. क्रिकेटच्या मैदानावर बॉलर आणि बॅट्समन टीव्हीवर हाताच्या अंतरावर वाटतात, तेच हे. खलाशाच्या मानेशी होता तो लाल टॉवेल. मूळ फाइल मोठी करून पाहिली तर त्याची पांढरी किनार दिसते. व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केला, किनार पुसली गेली आणि टॉवेलचं रक्त झालं. यात कुणी संगणकावर बसून काही बनवलं नव्हतं. खरा फोटो, खरी माणसं, खरी वेळ, आणि तरी सांगणं पूर्ण खोटं.

त्या फोटोच्या आगेमागे आणखी आठ फोटो होते, काही सेकंदांत काढलेले. पहिल्यात काकी नाळेवर चढतात. पुढच्यात डाव्या हाताने दोर चाचपतात, गाठ सुटत नाही. मग कोयती वर. मग कोयती दोरावर, दोराचे पीळ उसवलेले. एकदा पुरत नाही, परत घाव. मग दोर सैल होऊन पाण्यात पडतो. शेवटच्या फोटोत होडी हातभर दूर सरकलेली आहे आणि एक पोरगा बांबूने पेटत्या नौकेला रेटतो आहे. मागचा खलाशी मधल्या एका फोटोत उठून उभा राहतो, टॉवेल नाकाला लावतो आणि चालत निघून जातो.

छायाचित्रणात क्रमाचं महत्त्व जुनं आहे. 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटनने एकाच रस्त्याचे दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा, दुसऱ्यात गोळे रस्त्यावर पसरलेले. आधीचा कुठला, यावर पुढे फार वाद झाला. शेवटी उतारावरच्या बारीक दगडांनी उत्तर दिलं. मोकळ्या रस्त्याच्या फोटोत जे दगड वर होते ते दुसऱ्यात खाली घरंगळलेले दिसतात, म्हणजे गोळे असलेला फोटो नंतरचा. आपल्याकडे फेलिचे बियातोने लखनौच्या सिकंदर बागेचा फोटो काढला. तिथली लढाई नोव्हेंबर 1857 ची, बियातो पोचला पुढच्या वर्षी. अंगणात विखुरलेली हाडं फोटोसाठी मांडून घेतली होती असं अभ्यासक मानतात. तिथे मांडणी फोटोग्राफरची होती. आमच्या प्रकरणात मांडणी झाली ती कात्रीने आणि ओळीने. पाहणाऱ्यावर होणारा परिणाम मात्र वेगळा नाही.

या मुलीची एक सवय मला फार मोलाची वाटते. कामाला सुरुवात करताना ती आधी मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढते. त्यावरून कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते कळतं. त्या दिवशी ते तीन मिनिटं मागे होतं. जेटीवर लोकांनी काढलेले मोबाइल व्हिडिओ होते, त्यांच्या वेळा आणि तिच्या फोटोंच्या वेळा यामुळे जुळवता आल्या. एका व्हिडिओत काकी दुसऱ्या बाजूने दिसतात, समोर नुसता दोर, माणूस कुणीच नाही. ती एक सवय नसती तर दोन पुरावे एकमेकांच्या विरोधात उभे राहिले असते.

इथपर्यंत प्रकरण सोपं आहे. सगळे फोटो पोलिसांना द्यावेत, काकी सुटतील, काम संपलं. पण त्याच मेमरी कार्डावर, काही मिनिटं आधीचे, डिझेलचा कॅन हातात घेतलेल्या दोघांचे फोटो होते. चेहरे स्पष्ट. दोघे गावातलेच, त्यातला एक काकींचा पुतण्या.

काकींना हे कळलं तेव्हा त्या फोटोग्राफरच्या घरी आल्या. मी तिथे होतो. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "बाय गो, माझं काय व्हायचं ता होंदे. पोराचा फोटो देव नको." फोटोग्राफर म्हणाली, "काकी, तुमचे नऊ फोटो मी देणारच. बाकीचं मी आपणहून कुणाला दाखवणार नाही, पण पुसणारही नाही." काकी बराच वेळ गप्प राहिल्या आणि उठून गेल्या. त्यांना हे उत्तर पटलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी गावची बैठक झाली. कार्ड समुद्रात टाक, असं चारचौघांत सांगण्यात आलं. तिने नकार दिला. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे हे तिला वकिलांनी सांगितलं होतं, पण तिचं मुख्य कारण वेगळं होतं. आज गाव म्हणतं म्हणून दोन चेहरे पुसले, तर उद्या नौकामालक म्हणेल म्हणून दुसरे पुसावे लागतील, आणि मग काकींच्या नऊ फोटोंवर तरी कोर्टाने विश्वास का ठेवावा? मी तिच्या बाजूने होतो आणि आजही आहे. सोयीने ठेवलेल्या संग्रहाला पुरावा म्हणून किंमत उरत नाही. सोयीने उघडलेल्या संग्रहामुळे माणसांचा विश्वास जातो, आणि त्याशिवाय या किनाऱ्यावर कुणी कॅमेऱ्यासमोर उभंही राहणार नाही.

पोलिसांची लेखी नोटीस आली ती प्रसिद्ध झालेल्या फोटोची मूळ फाइल आणि त्याच्याशी संबंधित फोटो मागणारी. तिने नऊ फोटो आणि घड्याळाचा फोटो दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली एक लांबलचक खूण; फोटोतला एक ठिपका बदलला तरी ती बदलते. जुन्या कायद्यातल्या 65-ब कलमाच्या अशाच प्रमाणपत्रावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक प्रकरणात शिक्कामोर्तब केलं होतं. तिथेही प्रश्न वेळेचाच होता, उमेदवारी अर्ज मुदतीत आला की मुदत टळल्यावर, आणि त्यासाठी चित्रीकरण पाहायचं होतं. हे तांत्रिक वाटतं म्हणून तालुक्याच्या पातळीवरचे फोटोग्राफर दुर्लक्ष करतात. करू नये. प्रमाणपत्र नसेल तर खरा फोटोही कोर्टात गळपटतो.

तपास अधिकाऱ्यांनी नंतर तोंडी सगळं कार्ड मागितलं. वकिलांनी लेखी मागा म्हणून कळवलं. काही वाचकांना हा आडमुठेपणा वाटेल. 26 नोव्हेंबर 2008 ला सेबॅस्टियन डिसुझा यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाबचे फोटो काढले आणि पुढे खटल्यात साक्षही दिली, मग हिने मागेपुढे का पाहावं, असं मला एका जाणत्या पत्रकाराने विचारलं. माझं म्हणणं असं की तिथे समोर बंदूक घेऊन माणसं मारणारा होता आणि फोटोग्राफर त्या हल्ल्याचा साक्षीदार होता. इथे ज्यांच्या घरी तिला उद्या परत फोटो काढायला जायचं आहे, त्यांच्यातल्याच दोघांचा प्रश्न आहे. जाळपोळ गंभीर गुन्हा आहे, लाखोंचं जाळं जळलं, कुणाचा जीवही गेला असता. न्यायालयाने किंवा तपास अधिकाऱ्याने कायद्याच्या चाकोरीतून मागितलं तर द्यायलाच हवं. पण फोटोग्राफरने आपणहून पोलिसांचा डोळा होऊ नये. एकदा तसं झालं की पुढच्या प्रत्येक संघर्षात पहिला दगड कॅमेऱ्यावर पडतो.

एका बाबतीत माझं तिच्याशी जमलं नाही. फॉरवर्डचं विष पसरत असताना तिने नऊ फोटोंची मालिका स्वतःच्या नावाने लगेच प्रसिद्ध करावी असं मी म्हणत होतो. ती म्हणाली, काकींना विचारल्याशिवाय नाही. काकी तेव्हा कुणाशीच बोलत नव्हत्या. त्यात आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात बाजारात काकींच्या टोपलीला कुणी हात लावला नाही. माझं मत आजही बदललेलं नाही. तिने मात्र मला 2002 च्या अहमदाबादेतला, अर्को दत्त यांनी टिपलेला, हात जोडून विनवणी करणारा माणूस आठवायला सांगितला. तो शिवणकाम करणारा साधा माणूस. त्या फोटोत खोटं काहीच नव्हतं. तरी तो चेहरा जगभर गेला, ओळख पटते म्हणून त्याच्या हातचं काम गेलं, मालेगाव, मग कोलकाता असं त्याला हिंडावं लागलं आणि राजकीय पक्षांनी त्याला न विचारता तो प्रचारात वापरला. खऱ्या ओळीनेसुद्धा माणूस फोटोत अडकतो, असं तिचं म्हणणं. त्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं.

आठवड्याने काकी आल्या, नऊही फोटो ओळीने पाहिले. दोर पाण्यात पडतो त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो छाप." मग मालिका प्रसिद्ध झाली, एका पट्टीत नऊही, प्रत्येकाखाली वेळ. ज्या दैनिकाने आधीचा फोटो कापला होता, त्यानेही ती आतल्या पानावर छापली. फॉरवर्ड थांबले नाहीत, पण बंदरात लोक पट्टी मोबाइलमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवू लागले.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोलायचं आहे ते यापुढच्या कामाबद्दल, कारण संघर्षाच्या छायाचित्रणात आपल्याकडे इथेच दुष्काळ आहे. कोकणात संघर्ष कमी झाले नाहीत. एन्रॉन झालं, जैतापूर झालं, नाणार-बारसू झालं. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरीनाट्यात 18 एप्रिल 2011 ला पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. माझ्या पाहण्यात आलेले फोटो त्या-त्या दिवसाचेच आहेत : लाठ्या, धूर, रस्त्यावर झोपलेल्या बायका. पुढच्या वर्षांतल्या तारखा, जामीन, तुटलेले सोयरसंबंध, परत न लागलेली होडी हे फार क्वचित दिसतं. लाठीमार तासाभराचा असतो, त्याचं ओझं माणसं दहा-दहा वर्षं वाहतात, आणि छापला जातो तो तासच.

ही मुलगी त्या बंदरात जात राहिली, 1 जूनला मासेमारी बंद होईपर्यंत आणि नंतरही. तिच्या या फोटोंत कुणी ओरडत नाही. जेटीवर एकच लिलाव व्हायचा, तो दोन ठिकाणी होऊ लागला : एक पूर्वीच्या जागी, एक बर्फाच्या कारखान्याच्या मागे. मध्ये मोकळी फरशी. तो मोकळा पट्टा तिने वेगवेगळ्या वेळी टिपला. पहाटे ओला, दुपारी कोरडा, कुत्री झोपलेली. पर्ससीनचा जळका सांगाडा पंचनाम्यासाठी वाळूत ओढून ठेवला होता, तो पावसाळ्यापर्यंत तिथेच. आधी लोक त्याला वळसा घालून जायचे. मग त्याच्यावर जाळी वाळत पडू लागली. एका फोटोत काकी त्या सांगाड्याच्या सावलीत बसून जाळ्याचं भोक शिवताहेत. हा एक फोटो पाहून मला वाटलं की ही मुलगी हे काम आयुष्यभर करणार. नौकेवरचे नेपाळी खलाशी घटनेनंतर घरी गेले होते. धुरातल्या त्या खलाशाला तिने त्याच्या तांडेलकडून, म्हणजे नौकेच्या प्रमुखाकडून, नंबर मिळवून फोन केला, पट्टी पाठवली, विचारलं. त्याने परवानगी दिली. आपल्याला कुणी मारलं नव्हतं हे त्याच्या गावातही कळायला हवं, असं तो म्हणाला; तिकडेही तो फॉरवर्ड पोचला होता.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास फोटो बंदरातच लावायचं ठरलं. सुसान मायझेलस यांनी 1978-79 च्या निकाराग्वातल्या उठावाचे फोटो काढले होते आणि 2004 मध्ये त्यांचे मोठे फलक करून, फोटो जिथे काढले त्याच जागांवर लावले होते. कार्यशाळेत मी हे दाखवलेलं, तिच्या डोक्यात ते राहिलं. पण हे बंदर लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. तालमीसाठी आम्ही काही फोटो कारखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवले, त्यात जमावाचा एक लांबचा फोटो होता. पाच मिनिटांत पोरं बोटं लावून नावं घेऊ लागली : हा अमक्याचा, तो तमक्याचा. प्रदर्शनाची ओळख परेड व्हायला वेळ लागला नसता. जमावाचे सगळे फोटो तिथेच बाजूला काढले. लावली ती काकींची पट्टी आणि नंतरचे महिने. दोन्ही लिलावांची माणसं येऊन गेली, वेगवेगळ्या वेळी. मोकळ्या पट्ट्याच्या फोटोसमोर लोक जास्त थांबले. एका म्हाताऱ्या नाखव्याने तिला सांगितलं की त्या फरशीवर पूर्वी सुरमईचा ढीग लागायचा तेही ओळीत लिही. तिने लिहिलं.

आरोपपत्रात काकींचं नाव आलं नाही. जाळपोळीचा खटला अज्ञात आणि काही ज्ञात इसमांविरुद्ध उभा आहे. लिलाव अजून दोनच आहेत. कार्डाची एक प्रत वकिलांकडे सीलबंद आहे, हॅश मूल्यांच्या यादीसह. घटनेच्या पूर्ण तासाभराचे फोटो मागणारा अर्ज आता सरकारी पक्षाने न्यायालयात दिला आहे. आदेश झाला तर ती फोटो देईल, आणि तसं तिने पुतण्याच्या आणि दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन तोंडावर सांगितलं आहे. पुतण्याने वकील केला आहे. नऊ फोटोंची पट्टी कुणालाही मागितल्यावर मिळते, अट एवढीच की नऊही छापायचे, वेळेसकट, आणि मधला एकटा काढायचा नाही.